रात्री दहानंतर पोलीस ठाण्याला ‘साहेब’ नसतो?

ठाणे शहरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: रात्री दहानंतर पोलीस ठाण्यात जबाबदार माणूस नसतो, वरिष्ठ घरी झोपलेले असतात. मोठा अधिकारी येईपर्यंत पंचनामासुद्धा कोर्टात टिकत नाही. तेव्हा ११२ वर वेळ घालवू नका, थेट उपायुक्तांचा मोबाइल लावा.

माझे यजमान पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. हा मेसेज वाचून मी गप्प बसू शकत नाही, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी पहिली दहा मिनिटं वाया घालवेल.

जबाबदार माणूस नसतो, हे साफ खोटं. प्रभारी अधिकारी ठाण्यात नसेल तर हजर असलेल्यांपैकी त्याच्या खालोखालचा, पण शिपायाच्या वरचा, जो कुणी असेल तो कायद्याने त्या वेळचा प्रभारी. जुन्या संहितेत हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पहाटे तीन वाजता ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे एकटे हवालदार बसले असतील, तर त्या घडीला ‘साहेब’ तेच. ‘साहेब आल्यावर बघू’ हे उत्तर त्यांना देता येत नाही.

वरिष्ठ घरी असतात, हे खरं. पण घरी असणं म्हणजे सुटलेलं असणं नव्हे. आमच्याकडे उशाशी फोन, दाराशी बूट आणि खुंटीवर इस्त्रीचा गणवेश, असं वर्षानुवर्षं चाललं. मुलीच्या साखरपुड्याला नाशिकला जायचं तर मुख्यालय सोडण्याची परवानगी आधी घ्यावी लागली होती. एका रात्री दोनच्या सुमारास मारामारीत चाकू चालल्याचा फोन आला. अंथरुणात बसूनच त्यांनी विचारलं, “जखमीला कुठे नेलंय? जागेवर कोण उभं आहे? कंट्रोलला (नियंत्रण कक्षाला) कळवलं?” तीन उत्तरं मिळाली, मगच बूट चढवले. हुकूम सुटला तेव्हा ते घरात होते, पण काम सुरू झालेलं होतं.

ठाणे पोलीस आयुक्तालयाची पाच परिमंडळं, म्हणजे एकेका उपायुक्ताच्या हाताखालचे विभाग, आहेत: ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट. उल्हासनगरच्या परिमंडळात अंबरनाथ-बदलापूरही येतं. एका उपायुक्ताने प्रत्येक घटनास्थळी आधी पोहोचावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. जागेवर वरिष्ठ निरीक्षक, त्यांच्या वर सहायक आयुक्त. उपायुक्तांचं काम शेजारच्या ठाण्यांतून माणसं मागवणं, नाकाबंदी लावणं, रुग्णालयाबाहेर गर्दी वाढली तर तिथे बंदोबस्त देणं. जागेवर गेलेच तर ठाण्याच्या प्रभारीचे सगळे अधिकार त्यांना त्यांच्या हद्दीत असतातच.

पंचनामा टिकण्यासाठी मोठ्या हुद्द्याची अट नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं आणि झडती-जप्ती कुठल्याही गुन्ह्यातली असो, तिचं चित्रीकरण करायचं, असं नवी संहिता सांगते. पण ती जागा तोवर राखायची कुणी? सर्वात आधी पोहोचलेल्या पोलिसाने. रक्ताच्या डागावरून शंभर चपला गेल्या, तर नंतर आयुक्त स्वतः आले तरी काय हाती लागणार? अपवाद आहेत. अ‍ॅट्रॉसिटीच्या (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या) गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या खाली देता येत नाही. तरीही गुन्हा नोंदवायला त्या अधिकाऱ्याची वाट पाहायची नसते.

मेसेजमधला सर्वात घातक सल्ला ११२ टाळण्याचा. या क्रमांकाचं राज्याचं मुख्य केंद्र आपल्या नवी मुंबईत आहे, दुसरं नागपुरात. तिथे तुमच्या फोनची वेळ नोंदली जाते आणि जवळची गाडी पाठवली जाते. उपायुक्तांना फोन लागला तरी ते आधी कंट्रोललाच सांगणार. आणि एकाच इमारतीतल्या पन्नास जणांनी त्यांचा मोबाइल लावला, तर जागेवरच्या निरीक्षकाचा फोन त्यांना लागायचा कसा?

लोकांचा राग मात्र मला कळतो. ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य ऐकून परत आलेली माणसं मला माहीत आहेत. ठाणे शहर एका बाजूला मुलुंडला भिडलेलं, दुसरीकडे ऐरोली-दिघ्याला, म्हणजे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई ही तीन आयुक्तालयं एकमेकांना खेटून. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीतली असो, घ्यावीच लागते. हाच ‘झिरो’ गुन्हा. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. नोंद नाकारली तर मजकूर लेखी करून टपालाने वरिष्ठांना पाठवता येतो. उपायुक्तांकडे दाद मागायची ती अशी, लेखी. रात्री दोनला मात्र ११२ लावा आणि पत्ता सांगताना जवळची खूण सांगायला विसरू नका.