मार्कर चढला म्हणजे केमो फसली?

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आलाय: ‘स्कॅनवर पैसे उडवू नका. केमो लागू पडतेय की नाही ते रक्तातला ट्यूमर मार्करच सांगतो. आकडा उतरला की कॅन्सर गेला. चढला की त्याच दिवशी औषध बदलून मागा.’

ट्यूमर मार्कर म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा पदार्थ. मेसेजच्या शेवटापासून सुरू करते, खरा घोळ तिथेच आहे. चढला की लगेच औषध, हे करून बघून झालंय. अंडाशयाचा कॅन्सर केमोने आटोक्यात आलेल्या ५२९ बायकांचं सीए-१२५ (या कॅन्सरचा मार्कर) पुन्हा वाढलं. निम्म्यांना लगेच केमो दिली, बाकीच्यांना त्रास सुरू झाल्यावर. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: पहिल्या गटाची केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली, पण आयुष्य काही वाढलं नाही. उलट जगणं लवकर हलाखीचं झालं. (नवी औषधं त्यानंतर आलीत, मान्य. पण मेसेजवाल्याला कुठे त्यांच्याबद्दल बोलायचंय!)

‘चढला म्हणजे फसली’ हेही कच्चंच. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत सीईए हा त्याचा मार्कर तात्पुरता वाढू शकतो, औषध लागू पडत असतानाही. सिगारेट ओढणाऱ्यांचं सीईए तर एरवीही जास्त असतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बघतात ते सीए १९-९ पित्तनलिका तुंबून कावीळ झाली तरी चढतं आणि स्टेंट (छोटी नळी) टाकून पित्त मोकळं झालं की उतरतं, केमोचा थेंबही न देता. सीए-१२५ पोटाच्या टीबीतही वाढतं.

आमच्या काकूंच्या रिपोर्टवर सीईए ७.२ चं ७.९ झालं, पुढे ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’. दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. लॅब बदलली होती, एवढंच! तपासणीचं किट वेगळं असलं की इतका फरक सहज पडतो.

स्कॅन म्हणजे पैसे वाया म्हणणाऱ्याने तोंडाच्या कॅन्सरचा भरवशाचा मार्कर दाखवावा. आपल्याकडच्या पुरुषांत हाच कॅन्सर सर्वाधिक, आणि त्याला असा मार्कर नाही.

मेसेज थोडाफार खरा ठरतो तो वृषणाच्या कॅन्सरमध्ये. तिथे एएफपी आणि बीटा-एचसीजी हे दोन मार्कर बघतात. उपचारानंतर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं व्हावं लागतं, बीटा-एचसीजी त्याहून लवकर. त्या वेगाने उतरलं नाही तर डॉक्टर खरंच सावध होतात. पण तिथेही दोन्ही आकडे नॉर्मल झाल्यावर पोटात गाठ उरलीय का, हे सीटी स्कॅनवरच दिसतं आणि उरली असेल तर बरेचदा ऑपरेशन करून काढावी लागते.