तिजोरीची दुसरी चावी कुणाकडे?

दरोड्याची गोष्ट कुणाही बरोबर बघावी, निवृत्त हेड कॅशियरबरोबर बघू नये. आमच्या घरात असे एक आहेत. मी त्यांना बाबा म्हणते.

बाबांची अख्खी नोकरी एका बँकेच्या कॅश खात्यात गेली. तिजोरीला दोन चाव्या, एक हेड कॅशियरकडे, दुसरी मॅनेजरकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. या जॉइंट कस्टडीवर त्यांची जितकी श्रद्धा आहे तितकी आमच्या कुलदैवतावरही नसावी. त्यामुळे आजवर कुठलाही दरोडापट आमच्या घरी शेवटापर्यंत गेलेला नाही. तिजोरी दिसली की बाबांचा तोंडाचा पट्टा सुरू होतो.

म्हणून मी अंतराळात पळाले. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' ही टीव्ही मालिका. चोविसावं शतक, अवकाशस्थानक, लांब कानांची माणसं. इथे बाबा काय बोलणार? त्यातला 'बाडा-बिंग, बाडा-बँग' हा भाग मला फार आवडतो. फेब्रुवारी १९९९मध्ये आलेला, सातव्या म्हणजे शेवटच्या पर्वातला. डोमिनियन नावाच्या शत्रूसत्तेबरोबर युद्ध पेटलेलं, आणि युद्धाच्या आघाडीवरच्या स्थानकातले अधिकारी एक तास सगळं बाजूला ठेवून लास वेगासचा कॅसिनो लुटतात. तोही १९६२ सालचा.

"अंतराळात १९६२ कुठून आलं?" बाबांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं.

मी होलोसूट समजावलं. भाड्याने मिळणारी खोली, आत शिरलं की हवा तो काळ, हवी ती माणसं, सगळं आभासी. या खोलीतल्या वेगासमध्ये व्हिक फॉन्टेन नावाचा गायक आहे. तोही आभासीच, पण आपण आभासी आहोत हे त्याला पक्कं ठाऊक. युद्धात पाय गमावलेला नॉग हा तरुण अधिकारी याच पर्वात त्याच्याकडे राहून सावरलेला, त्यामुळे व्हिक म्हणजे सगळ्यांच्या घरचाच. मात्र हा कार्यक्रम रचणाऱ्याने, कायमच्या गिऱ्हाइकांना कंटाळा येऊ नये म्हणून, त्यात एक खोडी पेरून ठेवलेली असते. एके दिवशी फ्रँकी आइज नावाचा गुंड ते हॉटेल विकत घेतो आणि व्हिकला हाकलून देतो.

"मग बंद करून परत चालू करायचं," बाबा म्हणाले. आमच्या वायफायवर त्यांचा हाच इलाज असतो.

"तसं केलं तर व्हिकची आठवण पुसली जाते."

हे मात्र त्यांना तात्काळ पटलं. "बरोबर. मागची बाकी पुढे ओढायलाच हवी. कोऱ्या पानावर खातं सुरू करून कसं चालेल?"

तर फ्रँकीला त्या काळाला शोभेल अशाच मार्गाने घालवायचं. कॅसिनोतल्या मोजणीच्या खोलीत रोकड मोजायची, वहीत चढवण्याआधीच त्यातला वाटा बाजूला काढायचा आणि टोळीच्या म्होरक्याला पोचवायचा, हा धंदा वेगासमध्ये खरोखर चालायचा. इथे म्होरक्या म्हणजे म्हातारा मिस्टर झीमो. त्याच्या वाट्याचे दहा लाख डॉलर तो येण्याआधी उडवले की फ्रँकी आपोआप संपला.

बाबांनी टीव्ही थांबवला. "बासष्ट साली डॉलर चार रुपये शहात्तर पैसे. सत्तेचाळीस लाख साठ हजार झाले." कॅल्क्युलेटर लागला नाही. "आणि शंभराच्या नोटा धरल्या तर शंभर बंडलं. दहा किलो. कोऱ्या असतील तर एका बॅगेत बसतील. पण जुगाराच्या अड्ड्यावर कोऱ्या नोटा? मळक्या नोटा फुगतात गं."

मी टीव्ही पुन्हा सुरू केला.

मधे एक प्रसंग येतो, त्याला बाबा एक शब्द बोलले नाहीत. स्थानकाचा प्रमुख सिस्को काळा आहे. या खेळात उतरायला तो साफ नकार देतो: त्या वेगासमध्ये काळा माणूस गायला किंवा झाडू मारायला चालायचा, गिऱ्हाईक म्हणून नाही, मग सगळं गोड होतं असं सोंग मी का करू? बासष्ट सालापुरतं ते तंतोतंत खरं नाही, पण गोष्ट फार जुनीही नव्हती. हॉटेलांनी सगळ्यांना दार उघडण्याचा करार मार्च १९६०मध्ये झाला, पण त्याआधी सॅमी डेव्हिस ज्युनियरसारखा कलावंत ज्या हॉटेलात गाऊन हॉल भरायचा तिथेच त्याला झोपायला खोली मिळत नसे. सिस्कोची मैत्रीण कॅसिडी त्याला समजावते, की ही खोली काय होतं ते दाखवत नाही, काय असू शकलं असतं ते दाखवते. काही जणांना हा प्रसंग मजेच्या भागात उपरा वाटतो. मला वाटतं, तो नसता तर बाकीची मजा जरा निर्लज्ज झाली असती.

मग बेत शिजतो. बेत सांगत असतानाच तो कसा पार पडेल ते पडद्यावर दिसतं, आणि सगळं लोण्यासारखं घडतं. स्थानकावरची एझरी वेट्रेस होऊन रोकड मोजणाऱ्याला औषध घातलेलं पेय पाजणार, तिची सहकारी कीरा फ्रँकीला बोलण्यात गुंतवणार, नॉग आपल्या भल्यामोठ्या कानांनी तिजोरीचे खटके ऐकणार. कानांवर बाबा खूश झाले. "मीसुद्धा खोटी नोट आवाजावरून ओळखायचो," म्हणत त्यांनी लाइट बिलाचा कागद फडकावून दाखवला.

"आता बघ, यातलं काही म्हणजे काही जमणार नाही."

"तुम्ही हा भाग पाहिलाय?"

"नाही. पण सगळं आधी सांगितलंय म्हणजे फसणारच."

दरोडापटाचं सगळं शास्त्र त्यांनी एका वाक्यात उरकलं होतं. आणि फसलंच. तिजोरीत ऐनवेळी ऑटोटंबलर निघतो, म्हणजे खटके आपोआप बदलणारं कुलूप. नॉगला घाम फुटतो. त्यात झीमो ठरल्या वेळेआधीच दारात हजर.

बाबा सोफ्यावरून उठलेच. "इन्स्पेक्शन! हे लोक सांगितल्या वेळेला कधी आलेत?"

इथून पुढे ते फ्रँकीच्या बाजूचे झाले. लुटारूंशी त्यांना देणंघेणं उरलं नाही. लक्ष वेधण्यासाठी सिस्को नोटा उधळतो तेव्हा "पायाखाली! पायाखाली टाकतोय!" असं ओरडून त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. तिला वाटलं, कुणी पडलं. झीमोसमोर तिजोरी उघडते, आत शून्य, फ्रँकीचा चेहरा पडतो. मी टाळ्या वाजवल्या. बाबा कपाळाला हात लावून खाली बसले.

"मेळ लागला नाही त्याचा," ते म्हणाले. "पण चूक त्याचीच. दुसरी चावी कुणाकडे होती? कुणाकडेच नाही! एकट्याच्या ताब्यात एवढी रोकड!"

"बाबा, तो गुंड आहे."

"म्हणून काय जॉइंट कस्टडी नको?"

शेवटी सिस्को आणि व्हिक मंचावर उभे राहून गातात. ते मला शांतपणे ऐकायचं होतं. बाबांना ती रक्कम शेवटी कुठे जमा झाली ते हवं होतं. आभासी पैसा जमा कुठे करणार, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मोबाईलवरून पाठवता तो तरी कुठे हातात येतो? त्याची नोंद असते ना?"

गाणं संपलं. पुढचा भाग आपोआप सुरू होणार, तोच त्यांनी विचारलं, "यात तिजोरी आहे?"

"नाही. यात हेरगिरी आहे."

"मग राहू दे. बातम्या लाव."