ठिबकच्या आधी पाणी मोजायला हवे

‘ठिबक संचाला अनुदान मिळाले की पाण्याची बचत आपोआप होते’ हे शाश्वत शेतीवरच्या लेखातले विधान मला पटले नाही. ठिबकने वाचलेले पाणी कालव्यात राहत नाही. बहुतेक वेळा त्याच पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊस वाढतो आणि चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या, शेपटाकडचा शेतकरी पूर्वीइतकाच कोरडा राहतो. आमची जमीन अशीच शेपटाला आहे. उन्हाळी आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटे तेव्हा, वडील रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसत, आणि पहाटे पाणी यायचे ते जेमतेम घोटाभर.

पाणी वापर संस्था, म्हणजे चारीवरच्या शेतकऱ्यांनीच पाणीवाटप सांभाळणारी संस्था, झाल्यावर फरक पडला तो मोजमापामुळे. चारीच्या तोंडाशी बसवलेल्या मोजपट्टीवरची पातळी दर पाळीला वहीत लिहिली जाते, सभासदांसमोर वाचली जाते, आणि पाणी आधी शेपटाला देऊन मग वर सरकते. नाशिक जिल्ह्यात ओझर येथे वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच करून दाखवले, आणि २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदाही राज्याने केला. पाणी घनमापनाने, म्हणजे ठरलेल्या कोट्याप्रमाणे मोजून, मिळते तेव्हा आपल्या कोट्यात द्राक्ष घ्यावे की गहू, हा हिशेब शेतकरी स्वतःच करतो. ठिबकचा खर्चही त्याला तेव्हाच परवडणारा वाटतो. शाश्वत शेतीवरच्या इतक्या तपशीलवार लेखात या संस्थांचा उल्लेखही नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.