२०१० सालात बिटकॉइन कसे घ्यावेत : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

तुम्हाला २०१० सालात परत जायचं आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. बिटकॉइनचा भाव पेपरात छापून आला की दर वेळी तुम्हीच म्हणता, "तेव्हा नुसते हजार रुपये टाकले असते ना..." हे वाक्य तुम्ही कधी पुरं करत नाही. टिंबांच्या जागी अलिबागचा बंगला असतो, राजीनाम्याचं पत्र असतं आणि साहेबांचा पडलेला चेहरा असतो. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून लोक तुमची थट्टा करतात. आम्ही करणार नाही. आत्याबाईला मिशा आहेत असंच धरून चालू आणि पुढची व्यवस्था लावू.

भावाची चिंता नको, भाव परवडणारा आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये एका हौशी माणसाने आपल्या कॉम्प्युटरने खाल्लेल्या विजेचा हिशोब मांडून दर काढला होता : एका डॉलरला १,३०९ नाणी, वर थोडी चिल्लर. त्याच महिन्यात मार्टी माल्मी या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ५,०५० बिटकॉइन ५ डॉलर २ सेंटला विकले. तेव्हाच्या दराने आपले अडीचशे रुपयेही होत नाहीत. वरचे २ सेंट त्याने सोडले नाहीत. माणूस हिशोबी होता.

अडीचशे रुपये तर तुमच्याकडे आहेत. ते घरातून बाहेर कसे काढायचे, एवढाच प्रश्न. बाबा विचारतील, "याचा मालक कोण?" ज्याने हे काढलं तो सातोशी नाकामोतो, असं सांगा. "जपानी आहे का?" नाव जपानी आहे. "कुणी भेटलंय त्याला?" नाही. "फोटो?" नाही. "फोन नंबर?" इथे विषय बदला. कारण एप्रिल २०११ मध्ये हा मालक एका सहकाऱ्याला 'आता मी दुसऱ्या कामांकडे वळलोय' अशा अर्थाचं काहीतरी कळवून कायमचा दिसेनासा होणार आहे. मालक पळाला तरी दुकान चालू राहतं हीच तर या धंद्याची खुबी, हे ज्यांना चिटफंडात पोळलेल्या वडिलांना समजावता येईल, त्यांनीच पुढे वाचावं.

मग बँक. परदेशी पैसे पाठवायचे तर ए-टू फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारण द्यावं लागतं. काउंटरपलीकडच्या मॅडम विचारतील, "शिक्षण, उपचार, की नातेवाइकांना मदत?" तुम्ही खरं ते सांगा : गणित सोडवून तयार झालेली नाणी घ्यायची आहेत. मॅडम चष्म्यावरून बघतील आणि साहेबांना भेटायला सांगतील. साहेब जेवायला गेले असतील.

त्यापेक्षा नाणी घरीच पाडा, म्हणजे कॉम्प्युटरला गणितं सोडवायला लावून मायनिंग करा. महाराजांनी रायगडावर टांकसाळ घातली, तुम्ही हॉलमध्ये घाला. सॉफ्टवेअर फुकट आहे, दर दहाएक मिनिटांनी कुणाला ना कुणाला ५० नाणी मिळतात आणि २००९ साली स्पर्धेला जगभरात मोजकीच डोकी आहेत. फक्त कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचा. हॅल फिनी यांनी जानेवारी २००९ मध्ये हेच केलं. क्रिप्टोग्राफीतला, म्हणजे गुप्त संकेतांच्या शास्त्रातला, मोठा माणूस. सातोशीने पहिल्यांदा कुणाला नाणी पाठवली तर ती त्यांनाच, १२ जानेवारीला, १० नाणी. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ते यंत्र बंद केलं, कारण कॉम्प्युटर तापत होता आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सचीही तीच कथा, फक्त तिथे आवाजाची तक्रार मैत्रिणीने केली. म्हणजे त्या काळात श्रीमंतीच्या आड ना बुद्धी आली ना भांडवल. पंख्याची घरघर आली. तुम्ही तर शेजारच्यांची मिक्सरची घरघर ऐकून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडणारे. तालुक्याच्या गावी राहत असाल तर मात्र काळजी नको. २०१० साली भारनियमन जोरात आहे, पंखा रोज आपोआप बंद पडेल आणि मायनिंगही.

पुढे ग्राफिक्स कार्डं येतील, २०१३ पासून खास यंत्रं येतील. यंत्रांचे पैसे आगाऊ भरायचे असतात आणि ती घरी पोचतात तोवर गणितं इतकी अवघड झालेली असतात की त्यांच्यावर फक्त पापड वाळवता येतात. हा प्रकार फार ताणत नाही.

ज्यांना कष्टच नकोत त्यांच्यासाठी बिटकॉइनचे एक प्रोग्रॅमर गॅव्हिन अँड्रेसन यांनी २०१० मध्ये वेबसाइटवर एक नळ उघडून ठेवला होता. पानावरची वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची की ५ बिटकॉइन फुकट. पण तुम्हाला आम्ही ओळखतो. फुकट म्हटल्यावर तुम्ही आधी त्यात व्हायरस आहे म्हणाल. नंतर पाच घ्याल, आणि पाच नाण्यांसाठी कोण बॅकअप घेत बसतो म्हणून पुढच्या दिवाळीला कॉम्प्युटर फॉरमॅट माराल.

आता पिझ्झा. हा विषय टाळता येत नाही. १८ मे २०१० रोजी फ्लोरिडाच्या लाझलो हान्येझ यांनी जाहीर केलं की दोन मोठे पिझ्झे घरी आणून देणाऱ्याला १०,००० बिटकॉइन देईन. दोन का, तर एक उरला की दुसऱ्या दिवशी खाता येतो. वर कांदा, ढोबळी मिरची, मशरूम असं साधंसुधं चालेल, मासे-बिसे नकोत. चार दिवस कुणी पिझ्झा आणला नाही. इकडे दहा हजार नाणी घेऊन माणूस उपाशी बसलाय आणि जगात एकालाही पिझ्झा पाठवावासा वाटत नाही! शेवटी २२ मे रोजी कॅलिफोर्नियाच्या १९ वर्षांच्या एका पोराने पापा जॉन्सचे दोन पिझ्झे पोचते केले. तेव्हापासून सगळं जग या गृहस्थांना हसत आलंय. तुम्हीही हसता. पण २०१० मध्ये पोचल्यावर तुम्हाला कळेल की नाण्यांचं काहीतरी विकत येतं हे कुणीतरी दाखवल्याखेरीज भाव येणारच नाही, आणि दाखवायचं तर कुणीतरी नाणी खाऊन संपवायला हवीत. हे सत्कार्य तुम्ही करायचं की दुसऱ्याने, एवढं ठरवा. आमचा सल्ला : दुसऱ्याने. सगळ्यांनी हाच सल्ला मानला तर मात्र नाणी आणि पिझ्झे दोन्ही आपापल्या जागी राहतील.

समजा, तुम्ही पिझ्झ्याचा मोह आवरला. आता तुम्ही स्वतःच स्वतःची बँक झालात. त्या काळातल्या सगळ्या बिटकॉइनवाल्यांचा हा आवडता अभिमान. आपल्या नेहमीच्या बँकेत तुम्ही मॅनेजरला नावं ठेवता. इथे मॅनेजर तुम्हीच, कॅशियर तुम्हीच आणि दारावरचा बंदूकवाला वॉचमनही तुम्हीच, तेही लुंगीवर. तिजोरी म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल, नाणी खर्चायच्या गुप्त किल्ल्या तिच्यात. तिचा बॅकअप घ्या, असं कुणीही शहाणा सांगेल. ऑगस्ट २०१० मध्ये एकाने घेतला होता. त्याच्याकडे ९,००० नाणी होती. फाइल पेनड्राइव्हवर ठेवली, मग गंमत म्हणून त्यातलं एक नाणं स्वतःलाच पाठवून पाहिलं. बिटकॉइनचा व्यवहार हा मोठी नोट मोडल्यासारखा असतो : एक नाणं दिलं की उरलेली ८,९९९ सुट्टी म्हणून परत येतात, पण येतात एका नव्याकोऱ्या पत्त्यावर, आणि त्या पत्त्याची किल्ली तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप फाइलीत जाऊन बसायची. कॉम्प्युटर तो सीडीवरून चालवत होता, बंद केला की आतलं सगळं पुसलं जायचं. हा व्यवहार झाल्यावर गडी कॉम्प्युटर बंद करून मोकळा झाला. बॅकअप आदल्या फाइलीचा. ८,९९९ नाणी आजही साखळीत, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या जाहीर वहीत, सगळ्यांना दिसतात, किल्ली कुणाकडेच नाही. माणसाने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं, हे विशेष.

दुसरा एक जण त्याहून काटेकोर. त्याची फाइल जागच्या जागी होती, विंडोजच्या कॉम्प्युटरवर, २५,००० नाण्यांसकट. जून २०११ मध्ये एका सकाळी उठून बघतो तर नाणी दुसऱ्याच्या पत्त्यावर. त्या दिवसाच्या भावाने पाच लाख डॉलरच्या घरात. पोलिसांत जाऊन काय सांगणार? नेलेला मुद्देमाल कुठे आहे, तर समोर दिसतोय. मग घेऊन या की! येत नाही.

एवढी कटकट नको म्हणून तुम्ही व्याजाने लावायचं ठरवाल. मराठी माणसाला मुदत ठेवीत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हटलं की तो दोन बस बदलून जातो. इथे तर टेक्ससचे ट्रेंडन शेव्हर्स आठवड्याला ७ टक्के देत होते. आठवड्याला! चक्रवाढीने वर्षात तेहतीसपटीच्या वर जातं. गृहस्थ इंटरनेटवर स्वतःला उघडउघड समुद्री चाचा म्हणवून घ्यायचे, आणि लोकांनी २०११-१२ मध्ये चाचाकडे लाखो नाणी ठेव म्हणून ठेवली. ऑगस्ट २०१२ मध्ये ठेवी बुडाल्या, पुढे चाचाला तुरुंगवास झाला. नावात फसवणूक अजिबात नव्हती, हे मात्र त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

पण हे सगळं किरकोळ. खरा धोका तुमच्या तब्येतीचा नाही, चोरांचा नाही, तुमच्या शहाणपणाचा आहे. धरून चालू की अडीचशे रुपयांच्या नाण्यांतली १,००० तुमच्याकडे सुखरूप उरली आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये नाणं एका डॉलरला पोचेल. तुमचे ४५,००० रुपये झाले. घरातला फ्रिज गळतोय. आयपीओ लागला की पहिल्याच दिवशी दहाचा शेअर बाविसात विकून संध्याकाळी श्रीखंड आणणारे तुम्ही. अडीचशेचे पंचेचाळीस हजार झाल्यावर गप्प बसाल? बरं, बसलात. जून २०११ मध्ये भाव ३० डॉलरच्या वर. तेरा-चौदा लाख. मेहुणा म्हणेल, "भाऊजी, आता बुक करा." तुम्ही मेहुण्याचं ऐकलं नाहीत, तर नोव्हेंबरात भाव २ डॉलर होईल आणि मग दोन वर्षं प्रत्येक जेवणात मेहुणा असेल, तो समोर नसला तरी. एप्रिल २०१३ मध्ये २६६ डॉलर, आणि काही दिवसांत त्याच्या निम्म्याहून खाली. त्या वर्षाच्या अखेरीस १,००० डॉलरच्या पुढे; लगेच २४ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेचं पत्रक, की असल्या चलनांत धोका आहे, सांभाळा. तुम्ही रिझर्व्ह बँकेचंही ऐकायचं नाही. जानेवारी २०१५ मध्ये भाव २०० च्या खाली गेला तरी ढिम्म राहायचं. थोडक्यात, अक्कल शाबूत असलेल्या कुठल्याही माणसाने जिथे जिथे विकलं असतं, तिथे तिथे तुम्ही विकायचं नाही, आणि हे पंधरा वर्षं.

तुम्हाला हे जमणार नाही. म्हणून विकायची सोयच राहू नये, असा बंदोबस्त हवा. या कलेत खरे उस्ताद दोनच. एक आपले न्यूपोर्टचे हॉवेल्स : लॅपटॉपवर लेमोनेड सांडलं, त्याचे सुटे भाग केले, हार्डडिस्क तीन वर्षं खणात ठेवली आणि २०१३ च्या साफसफाईत ती गेली नगरपालिकेच्या कचरा डेपोत, सुमारे ८,००० नाणी पोटात घेऊन. तेव्हापासून त्यांनी एकही नाणं विकलेलं नाही. उकरायची परवानगी द्या म्हणून ते नगरपालिकेच्या मागे लागले, कोर्टात गेले. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा काढून टाकला. दुसरे स्टीफन थॉमस. बिटकॉइन समजावणारी एक चित्रफीत बनवली म्हणून त्यांना २०११ मध्ये नाणी मिळाली. त्यातली ७,००२ त्यांनी अशा पेनड्राइव्हवर ठेवली की दहा वेळा पासवर्ड चुकला तर तो कायमचा मिटतो. पासवर्डचा कागद हरवला. २०२१ मध्ये ही गोष्ट जगाला कळली तेव्हा आठ प्रयत्न झाले होते. बाजार चढो की पडो, यांचा हात कधी थरथरला नाही. कौतुक आहे, पण बंगल्याच्या दृष्टीने उपयोग नाही.

म्हणून पूर्ण विचारांती आम्ही माउंट गॉक्सची शिफारस करतो. टोकियोतलं बिटकॉइन खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज, वेबसाइटचा पत्ता मुळात एका खेळातली जादूगार-राक्षसांची कार्डं विकण्यासाठी घेतलेला. तुमची सगळी नाणी तिथे ठेवा. जून २०११ मध्ये घुसखोर तिथला भाव एका सेंटवर आणून ठेवेल. घाबरून काढून घेऊ नका, धीर धरा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बंद पडेल, साडेआठ लाख नाणी गायब म्हणून जाहीर होईल, नंतर जुन्या कुठल्या वॉलेटमध्ये दोन लाख सापडतील, आणि सगळा मामला जपानी कोर्टाकडे जाईल. आता मेहुणा, फ्रिज, रिझर्व्ह बँक कुणीही तुमचं काही वाकडं करू शकत नाही. दहा वर्षं तुम्ही इच्छा असूनही विकू शकणार नाही. जुलै २०२४ पासून नाणी परत मिळू लागतील. मिळेल तो बुडालेल्या नाण्यांचा लहानसा हिस्सा, पण दिवाळखोरीच्या वेळी तुमच्या सगळ्या नाण्यांची जी किंमत होती, तिच्या कितीतरी पट. त्यावर सरकारचा ३० टक्के कर. त्याचं तुमच्या सीएशी बोला, त्यालाही २०१० सालातच विश्वासात घ्या.

दाव्याचा अर्ज ऑनलाइन भरावा लागेल. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद कुठे ठेवलाय तेही घरात कुणाला तरी सांगा. मेहुण्याला सोडून.