मामाचं अस्वल

मे महिन्यात भाचा कोल्हापूरहून आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरला सुट्टीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत चड्ड्या चार आणि टॉवेलात गुंडाळलेलं प्लेस्टेशन एक. आधी प्लेस्टेशन बाहेर आलं, टीव्हीला लागलं, मग आजीला नमस्कार झाला. टेकन एट, म्हणजे तो दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा गेम, चालू केला पठ्ठ्याने आणि मी चहाचा कप हातात धरून सहज म्हणलं की अरे आम्ही पण खेळायचो हे, टेकन थ्री, कॉलेजात असताना, स्टेशनजवळ एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं तिथे. इथवर ठीक होतं. पण तोंडाला कुलूप नसल्यामुळे मी पुढे म्हणलं, "मला कोणी हरवू शकायचं नाही."

आता हे अगदीच खोटं नाहीये. ९८-९९ साली मी एडी गोर्डो घ्यायचो. ब्राझीलचा तो, कापोएरावाला, नाचत नाचत, हातावर उभा राहून लाथा घालणारा. त्याला शिकायचं काही नसतं, लाथांची जी दोन बटणं आहेत ती पापड लाटल्यासारखी बडवत राहायची, समोरच्याला काय चाललंय ते कळत नाही, आपल्यालाही कळत नाही, आणि आपण जिंकतो. मागे नंबर लावून उभी असलेली पोरं शिव्या घालायची तो भाग वेगळा.

"घे की मग मामा, हो जाऊ दे," भाच्याने दुसरा कंट्रोलर दिला.

मी एडी शोधायला लागलो. वर गेलो, खाली गेलो, ३२ तोंडं स्क्रीनवर, त्यात एडी नाही. भाचा म्हणाला एडी नंतर आला, तो वेगळा विकत घ्यावा लागतो, मी नाही घेतलेला. म्हणजे आमचा हुकमाचा एक्काच पॅकमध्ये नाही! मी आपला इकडेतिकडे कर्सर फिरवत होतो तेवढ्यात आईने आतून विचारलं की तुला कांदेपोहे देऊ का रे, मी "हो" म्हणायला मान वळवली आणि अंगठा बसला बटणावर. स्क्रीनवर एक भलंमोठं तपकिरी अस्वल उभं राहून डरकाळी फोडायला लागलं.

"कुमा?" भाचा हसायलाच लागला. "मामा अस्वल कोणी घेत नाही. बदल."

बदललं असतं. पण तो ज्या पद्धतीने हसला ना, ती पद्धत मला माझ्या ताईची आठवण करून देणारी होती, म्हणजे त्याच्या आईची, आणि तिच्यासमोर मी आजवर माघार घेतलेली नाही. म्हणलं, "मला अस्वलच घ्यायचं होतं."

पुढच्या पंधरा मिनिटांत अस्वलाने इतका मार खाल्ला की आई पोह्यांची बशी घेऊन आली ती तिथेच थांबली आणि म्हणाली, "अरे त्या मुक्या जनावराला का मारतोयस?" भाचा पॉल घेतो. पॉल फिनिक्स, ज्युदोवाला, आणि गंमत म्हणजे या दोघांची दुश्मनी पहिल्या टेकनपासूनची, १९९४ पासूनची, तेव्हा कुमा पॉलच्या वाटेतला सब-बॉस, म्हणजे शेवटच्या बॉसआधीचा पहिलवान, होता. हे मला नंतर कळलं. आत्ताचा कुमा त्या कुमाचा मुलगा आहे हेही कळलं, बाप मेला, पोरगा त्याच्या मालकाच्या, हेहाचीच्या, हाताखाली कराटे शिकला, एका पांडा मादीवर त्याचं प्रेम आहे आणि ती ढुंकूनही बघत नाही. एवढं सगळं वाचल्यावर मला त्याच्याबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली हे मान्य करतो.

हरल्यावर भाचा समजुतीच्या सुरात म्हणाला, "मामा, स्पेशल स्टाइल ऑन कर. एक बटण दाबलं की आपोआप कॉम्बो बसतो, ओळीने फटके. नवीन लोकांसाठी असतं ते." नवीन लोक! मग पैज लागली. तो जायच्या आत, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत, मी अस्वल घेऊन त्याच्याविरुद्ध एक तरी मॅच जिंकायची. जो हरेल त्याने मामलेदारची मिसळ खायची, आणि ती तिखट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथे कमी, मध्यम आणि तिखट असं विचारतात, आणि मी जन्मापासून ठाण्यात राहून आजतागायत मध्यमच्या पुढे गेलेलो नाही, मध्यमलाही सोबत ताक लागतं.

दुसऱ्या दिवसापासून भाचा बारापर्यंत झोपायचा आणि मी सहाला उठून प्रॅक्टिस मोडमध्ये. आणि तेव्हा कळलं की अस्वल घेणं म्हणजे काय असतं. एक तर आकार. अस्वल एवढं मोठं आहे की दुसऱ्यांना जे फटके चाटून जातात ते याला पोटभर लागतात. काही कॉम्बो तर असे आहेत की फक्त अस्वलालाच पूर्ण बसतात, म्हणजे जगभरातल्या लोकांनी बसून खास जाड्या माणसाला मारायच्या युक्त्या काढून ठेवल्यात. बाजूला सरकून वार चुकवायचा म्हणावं तर ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता सुटकेस घेतलेला माणूस जसा बाजूला सरकतो तसं हे सरकतं. हात आखूड. बाकीचे लांबून पाय मारतात, आमचा हात पोचेपर्यंत समोरचा मागे जाऊन, विचार करून, परत येतो.

मग फ्रेम. हा एक नवीनच विषय. फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र, गेम सेकंदाला ६० फ्रेमने पळतो आणि साधा जॅब, म्हणजे सरळ छोटा ठोसा, १० फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. डोळ्याला दिसून अंगठ्याला कळेपर्यंत त्याच्याहून जास्त वेळ जातो, त्यामुळे बघून अडवायचं हा प्रकारच नाही, आधीच ओळखायचं असतं. आणि प्रत्येक वारानंतर आपण किती फ्रेम मोकळे पडतो त्याचाही हिशोब, तो उण्यात लिहायचा. भाच्याला हे सगळं पाठ. पाढे विचारले तर तेरा सक्ते म्हणल्यावर छताकडे बघतो, पण पॉलची कुठली मूव्ह अडवली की तो किती फ्रेम उघडा पडतो ते झोपेत सांगेल. मी ते पोराकडून वहीत लिहून घेतलं. त्याच वहीत पुढच्या पानावर दूधवाल्याचा हिशोब आहे, बायकोने एकदा दुधाला उणे सतरा का लिहिलंय म्हणून विचारलं होतं.

ऑफिस ऐरोलीला, त्यामुळे ट्रान्स हार्बरची गाडी. ठाण्यानंतर दिघा गाव आणि मग ऐरोली, दहा मिनिटांचा तर प्रवास, तेवढ्यात मी दप्तरावर अंगठे चालवायचो. मागे, पुढे, पंच, पंच. शेजारचे एक काका दोन-तीन दिवस बघत होते, चौथ्या दिवशी अगदी आपुलकीने म्हणाले, "न्यूरोला दाखवलंत का?"

पण अस्वलाकडे एक चीज आहे. हंटिंग म्हणतात. त्यात ते चार पायांवर खाली बसतं, आणि मग वरच्या उंचीचे जेवढे वार आहेत, जॅब वगैरे, ते सगळे डोक्यावरून निघून जातात. ज्या दिवशी हे मला सापडलं त्या दिवशी मी भाच्याला उठवून दाखवलं. त्याचे चार जॅब हवेत गेले. मला वाटलं संपला आता कोल्हापूरचा पहिलवान. त्याने डोळे चोळले आणि पाचव्या वेळी डेथफिस्ट घातला. डेथफिस्ट म्हणजे पॉलचा तो एक ठोसा ज्याच्यावर त्याचं पोट चालतं, आणि तो मधल्या उंचीचा असतो, बसलेल्या अस्वलाच्या बरोबर टाळक्यात. अस्वल स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला. भाचा परत झोपायला गेला.

त्या रात्री मी शोधत बसलो की जगात अस्वल घेऊन कोणी काही मिळवलंय का, आणि मिळवलंय! रंगचू नावाने खेळणारा एक कोरियन खेळाडू, त्याने २०१८ साली अ‍ॅमस्टरडॅमला टेकन वर्ल्ड टूरची फायनल मारली, आणि ती पांडा घेऊन. पांडा म्हणजे तीच ती, कुमाला भाव न देणारी, पण मूव्ह जवळपास दोघांच्या सारख्याच. मी आनंदाने बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "छान. त्याला सकाळी ९:१२ ची पकडायची असते का?"

आईला मात्र या सगळ्यात भलताच रस. ती मटार सोलायला बरोबर टीव्हीसमोर बसायची आणि अस्वलाच्या बाजूने बोलायची. तिला अस्वलं माहीत आहेत, तिच्या लहानपणी दरवेशी यायचा दारात, अस्वलाला नाचवायचा, त्याच्या केसाचा ताईत करून पोरांच्या गळ्यात बांधायचे, म्हणजे पोर घाबरत नाही म्हणे. (बंद झालं ते बरंच झालं, नाकात दोरी ओवलेलं जनावर ते.) एके दिवशी मी सलग नऊ मॅच हरलो तेव्हा ती म्हणाली, "अरे जांबुवंत कृष्णाशी अठ्ठावीस दिवस लढला होता. स्यमंतक मण्यासाठी. तू किती दिवस झाले?"

"सतरा."

"मग."

"पण आई, शेवटी जांबुवंत हरलाच ना?"

"हरला, पण मणी दिला, मुलगी दिली, मान मिळवला. तू काय देणारेस?"

मी म्हणलं मी मिसळ देणारे. भाचा म्हणाला देणार नाही, खाणार.

एव्हाना माझ्या दोन्ही अंगठ्यांची वाट लागलेली. डाव्याला टरारून फोड, उजव्याचं टोक लाल, शर्टाचं बटण लावताना सुद्धा कळ यायची. ऑफिसात काय लागलं म्हणून विचारलं तर काय सांगणार, अस्वलामुळे? आईने रोज रात्री खोबरेल तेल चोळायला सुरुवात केली, पोरं लहान असताना टाळू भरायची तशी, भरपूर. कंट्रोलरला खोबरेलाचा वास यायला लागला. भाचा तो दोन बोटांत धरून पुसायचा आणि म्हणायचा, "आजी, हा सहा हजाराचा आहे गं."

आणि मग घोस्ट. या नवीन टेकनमध्ये एक सोय आहे, तुम्ही कसे खेळता ते बघून गेम तुमचं भूत तयार करतं, म्हणजे तुमच्यासारखंच खेळणारं एक कॅरेक्टर, तुमच्या सवयींसकट. भाचा कुमा कधीच घेत नाही, त्यामुळे त्याच्या प्लेस्टेशनमधलं कुमाचं भूत हे शंभर टक्के माझं. एक दिवस मी ऑफिसातून आलो तर दारातूनच आईचा आवाज, "आला बघ मागे, आता बसेल खाली. बसला!" दोघं हसून हसून लोळत होते. स्क्रीनवर माझं अस्वल. मी बूट न काढता बघत उभा राहिलो. रक्त, म्हणजे वरची जीव दाखवणारी पट्टी, कमी झालं की ते हळूहळू मागे सरकायचं, अजून मागे, मग चार पायांवर खाली बसायचं, आणि बसूनच राहायचं, काहीच करायचं नाही, टाळक्यात बसेपर्यंत.

"डिट्टो मामा," भाचा म्हणाला.

बायको स्वयंपाकघरातून डोकावली, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाली, "सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण असाच करतो."

मला राग आला. मी कंट्रोलर घेतला आणि म्हणलं याला तर मी मारतोच. स्वतःच्या भुताविरुद्ध खेळलो. दोन्ही अस्वलं मागे सरकली, दोन्ही खाली बसली, आणि ६० सेकंदांचा राउंड संपेपर्यंत समोरासमोर बसून राहिली. जुन्या भागांपासून अस्वलाला पादायची पण एक मूव्ह दिलेली आहे, तेवढी तरी कोणीतरी करायला हवी होती. वेळ संपल्यावर ज्याचं रक्त जास्त तो जिंकतो. भूत जिंकलं.

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस सुरू झालेला, भाच्याची रात्रीची बस, बॅग भरून दारात, प्लेस्टेशन तेवढं बाहेर. शेवटची मॅच. तीन राउंड जिंकायचे. पहिला गेला, दुसरा मला मिळाला, तिसरा गेला, चौथा कसा कोण जाणे मला मिळाला, दोन-दोन. आई जपमाळ घेऊन बसलेली, पण नजर टीव्हीवर. पाचव्या राउंडला दोघांचंही रक्त नखाएवढं उरलं. मी मागे सरकलो. भाच्याच्या तोंडावर हसू आलं, मला दिसलं ते, कारण आठवडाभर तो माझ्या भुताबरोबर हेच खेळत होता, मी बसलो की डेथफिस्ट. मी बसायला गेलो आणि उजवा अंगठा तेलामुळे बटणावरून सटकन घसरला. बसायचं राहिलंच. डावा अंगठा तेवढा मागे दाबलेला होता, आणि टेकनमध्ये मागे दाबणं म्हणजे गार्ड.

डेथफिस्ट अस्वलाच्या हातांवर थाडकन आदळला. पॉल उणे सतरा फ्रेमवर, हात पुढे काढून, उघडा. मला काहीच कळलं नाही, मी घाबरून मिळेल ते बटण दाबलं आणि अस्वलाने एक पंजा हाणला.

आई ओरडली, माळ सोफ्याखाली गेली, खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने ठोकल्याचा आवाज आला. भाचा स्क्रीनकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तू गार्ड केलंस? तू कधीच गार्ड करत नाहीस."

मी अंगठा पँटला पुसला. "वाचलं तुला," म्हणलं, आणि आत जाऊन पाणी प्यायलो.

बसला वेळ होता म्हणून सगळे मिसळ खायला गेलो. भाच्याने तिखट मागवली, रीतसर, पैज म्हणजे पैज. मी मध्यम. तो कोल्हापूरचा आहे ही गोष्ट पैज लावताना माझ्या डोक्यात यायला हवी होती. त्याने पहिला घास घेतला, चघळला, वेटरला बोलावून अजून रस्सा मागितला. माझ्या मात्र तिसऱ्या चमच्याला कानातून वाफा, नाकातून पाणी, बायको ताकाचा ग्लास पुढे सरकवतेय.

"मामा," भाचा पाव बुडवत म्हणाला, "तू नाराज होऊ नको. तुझा घोस्ट आहेच माझ्याकडे. आता रोज शाळेतून आलो की आधी त्याला मारणार, मग दप्तर ठेवणार."