मॅन्युअल पिशवीतच राहू द्या

डिझेलवर चालणारा वेल्डिंग सेट घेतलात, अभिनंदन. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक पुस्तिका आली असेल, ती फोडू नका. आत माणसांची चित्रं काढून त्यांच्यावर लाल फुल्या मारल्यात. हंगामाच्या तोंडावर असलं अशुभ कशाला बघायचं? शिकण्यासारखं जे आहे ते आपल्याकडे तीन शब्दांत शिकवून झालंय : काही होत नाही.

देखभाल वर्षातून एकदा, खंडेनवमीला. सेट धुवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि झेंडूचा हार बरोब्बर एअर फिल्टरवर लोंबेल असा घालायचा. गेल्या वर्षीच्या पाकळ्या फिल्टरमध्ये सापडल्या तर फिल्टर अजून काम करतोय असं समजा. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल पन्नासेक तासांत बदला म्हणतात. बदलू नका. ऑइल काळं झालं म्हणजे मुरलं. रोज सकाळी पट्टी ओढून ऑइल बघणारा माणूस तर बायकोवरही विश्वास ठेवत नसणार.

आता कामाला लागू. दसरा झाला की कारखान्याची धुराडी पेटणार, त्याआधी गावातल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या करायच्यात. शेतावरची थ्री-फेज दिवसा येईल की रात्री, हे विचारायची सोय नाही; म्हणून तर सेट घेतला. हँडल मारून चालू करायचा असेल तर अंगठ्याने गच्च वेढा घालून धरा. जुने मिस्त्री अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवतात, इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून निसटावं म्हणून. तुम्ही निसटू देणारे नव्हे. मनगट गेलं तरी बेहत्तर.

करंट कमी वाटतोय? डायलला हात लावू नका, इंजिनाचा वेग धरून ठेवणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू पिळा. चार पोलचा सेट मिनिटाला १५०० फेऱ्यांवर बसवलेला असतो, त्यातून ५० हर्ट्झची वीज निघते. तो १८००वर नेलात की ६० हर्ट्झ, म्हणजे अमेरिकेची वीज, तीही पासपोर्टशिवाय. व्होल्टेजही चढतं. त्याच सेटवर लावलेला ग्राइंडर थोड्या वेळाने जळका वास देईल, पण तो ग्राइंडर शेजाऱ्याचा आहे.

तेवढ्यात परतीचा पाऊस येतो. इथे कच्चा माणूस सेट बाहेर ठेवून त्यावर छप्पर करत बसतो. तुम्ही सेट ट्रॉलीसकट पत्र्याच्या शेडमध्ये ओढा आणि वाऱ्याच्या बाजूचं दार लावून घ्या. धूर होतो, मान्य. पण धुरातला जो कार्बन मोनॉक्साइड असतो त्याला ना रंग ना वास, म्हणजे त्रास देणारा तो नव्हेच! रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एवढी चिकाटी आजकाल कुठे बघायला मिळते? तासाभराने हेल्परचं डोकं जड होईल, मळमळेल, पाय लटपटतील. त्याला पित्त झालंय. आपल्याकडे हे दुसरं काही असूच शकत नाही. "सकाळी काही खाल्लं नव्हतंस का रे?" असं दरडावून विचारा आणि कोपऱ्यात आडवं व्हायला सांगा. बाहेर मोकळ्या हवेत नेऊ नका, भिजेल बिचारा. ब्रिटनच्या कोळसाखाणींत हाच वायू ओळखायला पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी ठेवत. त्यांना निवृत्त करायचं १९८६मध्ये ठरलं. आपल्याकडे हेल्पर अजून सेवेत आहेत. शिवाय पक्ष्याला दाणापाणी मालकाला घालावं लागे, हेल्पर डबा घरून आणतो.

पावसाने जमीन ओली, बनियन घामाने ओला, हातमोजे भोकांचे. रॉड बदलायला उघडा हात पुरे. घरात २३० व्होल्ट असतात, रॉड धरायच्या होल्डरवर रिकाम्या वेळी जेमतेम ६० ते ८०. म्हणजे हे तर घरातल्या विजेचं लेकरू. चिखलात गुडघे टेकून, ट्रॉलीच्या लोखंडाला पाठ लावून ते लेकरू अंगावर घ्यायला काय हरकत आहे? दोन्ही हात मोकळे हवे असतील तर होल्डर काखेत धरायचा. काखेत कळसा असणाऱ्याला गावभर वळसा तरी घालता येत होता.

अर्थचा क्लॅम्प जॉबजवळ, म्हणजे जिथे वेल्डिंग करायचं तिथेच, लावायचा असतो म्हणे. जॉबजवळचा गंज घासावा लागतो, त्यापेक्षा क्लॅम्प ट्रॉलीला जोडलेल्या ट्रॅक्टरला अडकवा. करंट हुशार असतो, बेअरिंगमधून, साखळीतून, जमेल तिथून वाट काढतो. जाता जाता बेअरिंगवर बारीक खड्डे पाडून जातो, पण ते जानेवारीत, फडाच्या मधोमध, भरल्या ट्रॉलीसह कळतं. तोवर तुमचं बिल वसूल झालेलं असतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायरही काढू नका, कशाला त्याचं घड्याळ बिघडवायचं?

डिझेल चालू इंजिनात ओता. सायलेन्सरवर चार थेंब पडून चर्र आवाज आला की टाकी भरत आल्याचं कळतं. बिडी वेल्डिंगच्या तापल्या टाक्यावर पेटवावी, काडी वाचते. आणि कुणी डिझेलचा रिकामा पिंप आणून "याला खालून एक पॅच मारा" म्हणालं तर लगेच बसा. भरल्यापेक्षा रिकामा पिंप वाईट, आत नुसती वाफ कोंडलेली असते, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांतले बरेच जण लांबून बोलतात. जवळ होते ते हल्ली बोलत नाहीत.

संध्याकाळी लाइट जाते. मालक म्हणतो, "मिस्त्री, तुमचा सेट हायच की, घरात तेवढा उजेड द्या." घर लाइनवरून तोडून सेटवर घेणारा चेंजओव्हर स्विच नाही? वायरच्या दोन्ही टोकांना पिना लावा, एक सेटमध्ये, दुसरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मेन स्विच पाडायला उठू नका, चहा आलाय. वीज घरातून उलटी निघून डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरेल, आणि डीपीला सरळ-उलटं कळत नाही : तो जसा ११ हजारांचे २३० करतो, तसे २३०चे ११ हजार करायला निघेल. सेटला हा भार न पेलून तो घुसमटून बंद पडेल किंवा पडणार नाही, ते लाइनवर पलीकडे काय आहे त्यावर. पलीकडे बहुधा वायरमन आहे. गावातलाच आहे, गेल्याच महिन्यात त्याच्या घरचं गेट तुम्ही केलंत. लाइन बंद आहे असं समजून तो खांबावर चढलाय, आणि त्याचंही शिक्षण त्याच तीन शब्दांत झालंय.

शेवटचं डोळ्यांचं. दिवसभर मुखवटा काढून, "नुसता टाकाच तर मारायचाय" म्हणत तुम्ही शंभर टाके मारलेत. तेव्हा काही झालं नाही, होतही नसतं. आर्कचा, म्हणजे वेल्डिंगच्या त्या झगझगीत उजेडाचा, प्रसाद सहा ते बारा तासांनी मिळतो. रात्री दोनला डोळ्यांत कुणी वाळूची पाटी ओतल्यासारखं वाटून तुम्ही उठाल. बटाट्याचे काप ठेवा. डोळ्यावरची भाजलेली त्वचा एक-दोन दिवसांत आपली आपण भरून येते, त्याचं श्रेय बटाट्याला द्यायचं.

बायको घाबरून बल्ब लावेल. तो आधी बंद करायला सांगा, उजेड सहन होणार नाही. बटाटा तिला अंधारातच कापू द्या.