चेंबरमध्ये सापडलेला ऐवज

गाडी खालून ऑइल गाळते म्हणून ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, उतरवून नीट बसवायचा, एवढंच काम होतं. दुपारी मेकॅनिकचा फोन आला. "साहेब, जरा येऊन जाता का?" खर्चाचा आकडा फोनवरच सांगितला तर समजावं, झेपण्यातला आहे. 'येऊन जाता का' हे वाक्य मात्र डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात त्याच सुरात येतं.

गेलो. मेकॅनिकनं फडक्यानं पुसून एकेक वस्तू वर्तमानपत्रावर मांडली होती. तपकिरी, कडक, नखाएवढे तुकडे, कडा तुटक्या. शेजारी नारिंगी रंगाची, रबरी, लांबट अशी काही लेंडकं. आणि चिमूटभर काळी कचकच. भोवती गॅरेजमधली सगळी जनता जमलेली. स्वतःची गाडी घ्यायला आलेले एक गृहस्थ वाकून बघत गंभीरपणे म्हणाले, "पिस्टन!" इंजिनातला तेवढाच एक भाग त्यांना नावानं ठाऊक असावा.

मेकॅनिकनं खिशातून चुंबक काढलं. तपकिरी तुकड्यांवरून फिरवलं. एकही हलला नाही.

"लोखंड नाही," तो म्हणाला. मी सुटकेचा श्वास घेतला.

"पण बेअरिंगचा कीसही चुंबकाला चिकटत नाही." घेतलेला श्वास तसाच राहिला. बेअरिंगच्या आतल्या थरात ॲल्युमिनियम, तांबं, कथील असलं काहीबाही असतं म्हणे आणि पिस्टन तर ॲल्युमिनियमचाच. गृहस्थांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

मग ऑइल गाळणारा फिल्टर कापायचं ठरलं. पोऱ्या उत्साहानं करवत घेऊन आला, तसा मेकॅनिक ओरडला, "करवतीनं कापलंस तर करवतीचाच कीस आत पडेल, आणि बिल फाटेल साहेबांच्या इंजिनावर!" हे वाक्य ऐकून त्याच्याविषयीचा माझा आदर इतका वाढला, की एरवी इतरांच्या गाड्यांचे फिल्टर कशानं कापले जात असतील हा विचार मी मनातच दाबला. रीतसर कटर आला. आतल्या कागदाच्या घड्या उलगडून त्यानं उन्हात धरल्या आणि तिरप्या करून पाहिल्या. बेअरिंग झिजत असेल तर तिथे चमकी दिसते. चमकी नव्हती. मघाचा श्वास सोडला.

तेवढ्यात मी फोटो काढून मित्रांना पाठवले होते. एकानं लिहिलं, 'हेड गॅस्केट'. दुसऱ्यानं, 'उंदीर'. तिसऱ्याला कधीच गाडी नव्हती. त्यानं लिहिलं, 'विकून टाक'.

मेकॅनिकनं तपकिरी तुकडा नखानं दाबला, पकडीत धरून मोडला. कट्. "प्लास्टिक. टायमिंग चेनच्या गाइडचं." व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी ही चेन फडफडू नये म्हणून तिला टेकू देणारी ही पट्टी, वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये राहून ठिसूळ होते आणि मोडते. ती मोडली की चेन सैल, चेन दात चुकली की काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. ही भेट महाग असते. पुढचं कव्हर उघडणं आलं.

उघडलं, तर गाइड अखंड! एक टवकाही उडालेला नाही, चेनही नवीकोरी. जमलेली मंडळी चक्क हिरमुसली. मला गाडी विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं, इंजिनाला हात लागलेला नाही. त्याला फोन लावला. "छे हो, कुणी हात नाही लावला," तो म्हणाला. "फक्त चेन बदलली होती."

म्हणजे मोडक्या गाइडचे अवशेष चेंबरच्या तळाशी तसेच ठेवून कुणीतरी वरून नवं गाइड बसवलं होतं. तुकडे एवढे मोठे, की ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीतून वर जाणं शक्य नाही. आपले पडून होते.

"मग घाबरायचं कारण नाही?"

मेकॅनिकनं उत्तर न देता ती जाळी माझ्यासमोर धरली. तिच्यावर नारिंगी लेंडकं गच्च बसली होती. ज्यांच्याकडे पिस्टनवाल्या गृहस्थांनीसुद्धा ढुंकून पाहिलं नव्हतं, ती. मागच्या कारागिरानं चेंबर न उतरवता कव्हर बसवलं आणि सांधा गळू नये म्हणून लावायच्या सीलंटची ट्यूब मात्र सढळ हातानं पिळली. बाहेर निघालेलं पुसता येतं, आत निघालेलं वाळून तुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं. जाळी पुरती तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही, ऑइलचं प्रेशर उतरतं, आणि मग खरोखरीची चमकी दिसायला लागते.

जाळी साफ झाली, चेंबर पुसून लखलखीत झाला. पोऱ्यानं सीलंटची नवी ट्यूब आणून टोपण उघडलं आणि मी त्याच्या खांद्यावरून वाकलो.

"बारीक हं. अजून बारीक. कोपऱ्यात जरा जास्त झालं बघ."

पोऱ्यानं हात थांबवून मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिकनं माझ्याकडे.

"साहेब," तो अदबीनं म्हणाला, "बाहेर खुर्ची आहे."